स्कॅनमध्ये अचानक सापडलेली फुप्फुसातली गुठळी

समजा, घरात आईला मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी केमो चालू आहे. गाठ कितपत लहान झाली हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी सीटी स्कॅन सांगितला. मुलाने रिपोर्ट आणला. ‘गाठ कमी झाली आहे’ असे कोणीतरी वाचून सांगितले, सगळ्यांना बरे वाटले आणि पाकीट पिशवीत गेले. डॉक्टरांची तारीख पुढच्या आठवड्यात. पण त्याच रिपोर्टमध्ये खाली आणखी दोन शब्द होते : ‘पल्मोनरी एम्बोलिझम’. म्हणजे फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी.

ती शोधायला कोणी गेले नव्हते. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत ती दिसली. कॅन्सरच्या रुग्णांच्या नेहमीच्या स्कॅनमध्ये शंभरात साधारण एक ते पाच जणांना अशी गुठळी आढळते. ती अचानक सापडली म्हणून किरकोळ समजू नये, हेच आज समजून घेऊ.

गुठळी येते कुठून?

बहुतेक वेळा ती पायाच्या किंवा ओटीपोटाच्या खोल शिरेत तयार होते. तिथून सुटली की रक्ताबरोबर हृदयाच्या उजव्या भागात येते आणि पुढे फुप्फुसाच्या धमनीत अडकते. कॅन्सरच्या पेशी रक्त गोठवणारे पदार्थ सोडतात, त्यामुळे रक्त लवकर गोठते. त्यात ऑपरेशन, केमो, औषधासाठी शिरेत बसवलेली नळी, अंथरुणावर पडून राहणे आणि उलट्या-जुलाबाने शरीरातले पाणी कमी होणे यांची भर पडते. स्वादुपिंड, जठर, फुप्फुस, अंडाशय आणि मेंदू यांच्या कॅन्सरमध्ये हा धोका जास्त असतो.

कॅन्सर आणि गुठळी यांचे नाते पॅरिसचे डॉक्टर आर्मां त्रूसो यांनी 1865 मध्ये आपल्या व्याख्यानात सांगितले होते. पुढे त्यांच्या स्वतःच्या शिरेत गुठळी झाली, तेव्हा त्यांनी आपला आजार ओळखला. 1867 मध्ये जठराच्या कॅन्सरने त्यांचा मृत्यू झाला.

त्रास नाही, मग औषध कशाला?

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. पण रुग्णाला नीट विचारले तर अनेकदा कळते की जिना चढताना दम लागत होता, थकवा वाढला होता, छातीत धडधडत होते. ‘केमोमुळे होत असेल’ म्हणून कोणी बोलले नाही. दुसरे असे की, आजची गुठळी उपचाराविना राहिली तर तिच्यामागून दुसरी, मोठी गुठळी येऊ शकते आणि ती जिवावर बेतू शकते. म्हणून अशा गुठळीवरही त्रास देणाऱ्या गुठळीसारखेच उपचार करावेत, असा वैद्यकीय सल्ला आहे. एकच, अगदी बारीक फांदीतली गुठळी असेल तर डॉक्टर स्कॅन पुन्हा तपासून घेतात, पायांची डॉपलर सोनोग्राफी करतात आणि मग ठरवतात.

उपचार कसे असतात?

रक्त गोठू न देणारे औषध देतात. ते पोटावर त्वचेखाली घ्यायचे इंजेक्शन असते किंवा एपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन यांसारखी गोळी. औषध गुठळी थेट विरघळवत नाही. ते तिला वाढू देत नाही, मग शरीर हळूहळू तिला विरघळवते. उपचार साधारण तीन ते सहा महिने चालतात. कॅन्सर किंवा केमो चालू असेल तर त्याहून जास्त काळही चालतात. बरे वाटते म्हणून मध्येच गोळी बंद करू नये.

या औषधाने रक्तस्राव होऊ शकतो. जठर, आतडे किंवा मूत्रमार्गाचा कॅन्सर असेल तर गोळी द्यावी की इंजेक्शन, याचा डॉक्टर जास्त विचार करतात. केमोमुळे प्लेटलेट 50,000 च्या खाली गेल्या तर डोस बदलावा लागू शकतो. म्हणून रक्ततपासणी चुकवू नये. मनाने अ‍ॅस्पिरिन, अंगदुखीच्या गोळ्या किंवा झाडपाल्याची औषधे घेऊ नयेत. खर्च झेपत नसेल तर गोळ्या अर्ध्या करून पुरवू नका. जेनेरिक औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा, सरकारी योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

घरच्यांनी काय करावे?

1. स्कॅनचा रिपोर्ट पूर्ण वाचून घ्या. ‘एम्बोलिझम’, ‘थ्रॉम्बस’ किंवा ‘फिलिंग डिफेक्ट’ हे शब्द दिसले तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

2. एकाएकी दम लागला, छातीत दुखले, खोकल्यातून रक्त आले किंवा चक्कर येऊन पडले, तर लगेच 108 ला फोन करा.

3. एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखू लागली तर पाय चोळू नका, डॉक्टरांना दाखवा.

4. औषध चालू असताना काळी शौच, लघवीतून रक्त, न थांबणारा रक्तस्राव किंवा डोक्याला मार लागला, तर ताबडतोब दवाखाना गाठा.

5. विदर्भ-मराठवाड्यातून मुंबईला उपचारासाठी येणाऱ्यांनी लांबच्या प्रवासात मधून मधून उठून चालावे, बसल्या जागी पावले हलवावीत, पुरेसे पाणी प्यावे.

दम लागतो, थकवा वाढला, हे रुग्ण संकोचाने सांगत नाही. म्हणून आपणच रोज विचारावे. आणि रिपोर्टचे पाकीट पिशवीत ठेवण्याआधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. इंग्रजी कळत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींकडून वाचून घ्यावे. त्यात कमीपणा काहीच नाही.