आजीचा वर्षावास



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला तो संपतो, हे आपल्या संस्कार वर्गातील लहान मूलही सांगेल. या तीन महिन्यांत भिक्खू एका ठिकाणी वास्तव्य करतात, विहारांतून 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते आणि पुढे कार्तिक पौर्णिमेपर्यंत ठिकठिकाणी चीवरदानाचे कार्यक्रम होतात. परंतु वर्षावास हा केवळ भिक्खूंपुरता आहे काय? आपल्या दोन खोल्यांच्या संसारात तो कसा उतरवावा? हा प्रश्न आमच्या घरी एका आजीने उभा केला. ती आमची आई. पण मुलांमुळे साऱ्या घराचीच आजी झालेली. तिच्या निमित्ताने गृहस्थधर्माचा एक लहानसा पाठ प्रस्तुत लेखात पाहू या.

१. आजीचे सुख कशात असते?

आईचे वय आज सत्त्याहत्तर. मूळ गाव रायगड जिल्ह्यातील. तीन मुलगे. थोरले बंधू गावी, मधले आम्ही नवघरला, धाकटा अंबरनाथला. वडील गेल्यानंतर आम्ही तिघा भावांनी एकत्र बसून आईच्या वर्षाची वाटणी केली. पावसाळ्यात गावचे घर गळते, म्हणून ते चार महिने नवघरला. त्यानंतरचे चार अंबरनाथला आणि उन्हाळ्यापासून पुढचे गावी. आम्ही बँकेत कारकून असल्यामुळे ही वाटणी आम्हीच कागदावर मांडली, तारखा घातल्या आणि तिघांना प्रती दिल्या. कोणावर जास्त भार नाही, कोणाची तक्रार नाही. आईला तेवढी प्रत दिली नव्हती. तिला वाचता येत नाही, असे कारण आम्ही मनाशी दिले होते.

नवघरला तिचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. तथागतांच्या व बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून ती त्रिसरण-पंचशील म्हणते. मग चहा, मग नातीच्या दोन वेण्या. नात नववीत आहे, वेण्या तिला आवडत नाहीत. पण आजीच्या हातून घालून घेते आणि जिना उतरल्यावर एक सोडते. आजीला हे ठाऊक आहे. संध्याकाळी नातू कॉलेजातून येईपर्यंत आजी खिडकी सोडत नाही. रात्री नात तिला ग्रंथाचे एक पान वाचून दाखवते. ऐकता ऐकता आजी मध्येच थांबवते आणि विचारते, "मंग त्या बाईचं पुढं काय झालं?"

भाद्रपद सरून ऊन कडक पडू लागले की आजीचा खरा हंगाम सुरू होतो. पावसात दमट झालेल्या गोधड्या ती गच्चीवर नेऊन उन्हात घालते. जुन्या साड्या, नातवाचे शाळेतले सदरे, सुनेचे विटलेले पातळ हे सारे जमवून नवी गोधडी शिवायला घेते. एकेका तुकड्यावर बोट ठेवून "हा तुझ्या आज्याचा धोतराचा काठ, ही तुझी पहिलीची चड्डी," असे नातवंडांना सांगते. खाडीकडून वारा येतो. पूर्वी या भागात मिठागरे दूरवर पसरलेली होती. आता समोर इमारती आहेत. तरी वारा आला की आजीला गावचे पिवळे पडलेले भात आठवते.

शरद ऋतूशी तिचे आणखी एक नाते आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. पुढे गावोगाव दीक्षा झाल्या. आमची आई तेव्हा आठ-नऊ वर्षांची. तिच्या आजीने देव्हाऱ्यातील देव टोपलीत घालून नदीवर नेले. परत येताना म्हातारी गप्प होती, घरी आल्यावर म्हणाली, "आता दिवा कुणाम्होरं लावू?" पुढे बाबासाहेबांचा फोटो आला आणि दिवा पुन्हा लागला. आई ही गोष्ट दर दसऱ्याला सांगते. धम्म आपल्या घरात पुस्तकातून आला असे आपण समजतो; पुष्कळ घरांत तो एका आजीच्या टोपलीतून आला आहे.

२. धम्मसाहित्यातील आज्या

विद्यार्थी मित्रांनो, पाली साहित्यात आजीच्या संदर्भातील तीन प्रसंग अवश्य अभ्यासावेत.

पहिला प्रसंग संयुत्त निकायातील आहे. कोसलनरेश प्रसेनजिताची आजी एकशे वीस वर्षांची होऊन मरण पावली. राजा भर दुपारी भगवंतांकडे आला आणि म्हणाला की, आजी परत मिळणार असेल तर मी माझा उत्तम हत्ती देईन, उत्तम घोडा देईन, गाव देईन, प्रांतही देईन. भगवंतांनी त्याला कुंभाराच्या मडक्यांचा दाखला दिला. कच्चे असो वा भाजलेले, प्रत्येक मडक्याचा शेवट फुटण्यातच आहे.

दुसरा प्रसंग महाउपासिका विशाखेचा. श्रावस्तीचे पूर्वाराम विहार बांधणारी हीच. बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथात तिच्या दानशीलतेचा प्रसंग घेतला आहे. मुले-नातवंडांनी तिचे घर भरलेले होते. उदान या ग्रंथात असे आले आहे की, एकदा तिची लाडकी नात वारली आणि ती ओल्या वस्त्रांनी, ओल्या केसांनी भगवंतांकडे आली. भगवंतांनी विचारले, श्रावस्तीत जेवढी माणसे आहेत तेवढी मुले-नातवंडे तुला असावीत असे वाटते काय? ती हो म्हणाली. या नगरात रोज किती माणसे मरतात? कधी दहा, कधी नऊ, कधी निदान एक. मग तुझी वस्त्रे आणि केस कधी तरी कोरडे राहतील काय? विशाखेला उत्तर कळले.

हा उपदेश कठोर वाटतो आणि तो सौम्य करून सांगण्याचे कारण नाही. ज्याला जितके प्रिय, त्याला तितके दुःख, हे तथागतांनी स्पष्ट सांगितले आहे. पण त्याच तथागतांनी मंगल सुत्तात आई-वडिलांची सेवा, पत्नी-मुलांचा सांभाळ आणि संतुष्टी ही उत्तम मंगले म्हणून मोजली आहेत. म्हणून गृहस्थाने आप्तांवर प्रेम करू नये, असा अर्थ आम्ही घेत नाही. प्रेमाचे माणूस कायमचे आपले नाही हे जाणून, ते आहे तोवर त्याच्याशी नीट वागावे, असा घेतो.

तिसरा प्रसंग सर्वांत कमी माहीत असलेला, पण आमच्या मते गृहस्थांसाठी सर्वांत उपयोगाचा. थेरीगाथेत सुमना नावाच्या एका थेरीची गाथा आहे. तिला 'वुड्ढपब्बजिता', म्हणजे वृद्धपणी प्रव्रज्या घेतलेली, म्हणतात. अट्ठकथेनुसार ती प्रसेनजिताची बहीण. धम्म ऐकून तिचे मन संघात जाण्याकडे वळले होते. पण घरी म्हातारी आजी होती. तिची सेवा कोण करणार? सुमना थांबली आणि स्वतः म्हातारी होईपर्यंत थांबली. आजी गेल्यावर ती राजासोबत विहारात गेली, संघाला देण्यासाठी बहुमोल पांघरुणे व गालिचे घेऊन. त्याच वयात तिने प्रव्रज्या घेतली आणि अर्हत्त्व मिळवले.

भाऊ आणि बहीण यांची तुलना करा. राजाने आजी गेल्यावर हत्ती देऊ केला. बहिणीने आजी असताना आपली वर्षे दिली. थांबल्यामुळे सुमनेचे निर्वाण चुकले नाही.

३. नाशिकची आजी

असे उदाहरण पाहायला फार दूर जाण्याची गरज नाही. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, ब्राह्मी लिपीतील एक मोठा शिलालेख आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी तो कोरला गेला. लेणे दान करणारी आहे त्याची आजी, गौतमी बलश्री. ती स्वतःची ओळख महाराजाची माता आणि महाराजाची पितामही अशी देते. पराक्रमी मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी तेव्हा हयात नव्हता. त्याचे गुण तिने दगडावर कोरवून घेतले. सत्य, दान, क्षमा आणि अहिंसा यांत रमणारी असे तिचे वर्णन आहे. हे लेणे तिने भदायनीय भिक्खूसंघाला दिले आणि आजीला संतोष व्हावा म्हणून नातवाने त्या लेण्यासाठी एक गाव दान दिले.

म्हणजे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी याच महाराष्ट्रात एका आजीने मुलाचे दुःख पचवून भिक्खूंना पावसाळ्यासाठी छप्पर दिले आणि तिच्या आनंदात नातू सहभागी झाला. सहल काढायची असेल तर विद्यार्थ्यांनी हा लेख अवश्य पाहावा. तेवढे जमले नाही तर बोरिवलीची कान्हेरी लेणी आपल्या जवळच आहेत. पावसाळा संपता संपता तेथील दगडात खोदलेली पाण्याची टाकी भरलेली असतात. वर्षावास म्हणजे काय, हे तेथे न सांगता कळते.

४. पवारणा

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आश्विन पौर्णिमेला भिक्खूसंघात पवारणा होते. तिची कथा विनयपिटकात आहे. काही भिक्खूंनी एका वर्षावासात ठरवले की भांडण नको, म्हणून एकमेकांशी बोलायचेच नाही. तीन महिने कोणी कोणाशी बोलले नाही. सुखाने राहिलो, असे त्यांनी भगवंतांना सांगितले. भगवंत प्रसन्न झाले नाहीत. जनावरे एकत्र राहतात तसे तुम्ही राहिलात, असे ते म्हणाले. तेव्हापासून नियम झाला. वर्षावासाच्या अखेरीस प्रत्येकाने संघासमोर विचारावे की, माझ्या वागण्यात काही चुकीचे पाहिले, ऐकले किंवा शंका आली असेल तर करुणेने सांगा. सुरुवात सर्वांत ज्येष्ठाने करायची.

दोन वर्षांपूर्वी आश्विन पौर्णिमेला विहारात भंतेजींनी हीच कथा सांगितली. रात्री सोसायटीत कोजागिरीचे दूध झाले. घरी आल्यावर आजी पाटावर बसली आणि नातवंडांना म्हणाली, "मी मोठी, मीच पैली. माझं काय चुकलं असलं तर सांगा." नातवंडे हसली. मग नात म्हणाली, "आजी, तू माझ्या मैत्रिणींसमोर माझं लग्न काढतेस." आजीने ऐकून घेतले आणि म्हणाली, "बरं, न्हाई काढणार." मग आम्ही विचारले, "आई, आमचं काय चुकतं?"

ती बराच वेळ बोलली नाही. बॅग भरून ठेवलेली होती. चार दिवसांनी अंबरनाथला जायचे होते. शेवटी म्हणाली, "मी काय तुमची मुदतठेव हाय? मुदत भरली की हिकडनं काढायची नि तिकडं टाकायची? मला कुणी इचारलं का, आये, तुला कुठं ऱ्हायचं?"

आम्ही अनेक वर्षे काउंटरवर बसतो. मुदतठेवीच्या पावत्या किती लिहिल्या त्याची गणती नाही. पण त्या रात्री आम्हाला उत्तर सुचले नाही. त्या भिक्खूंप्रमाणे आमच्याही घरात भांडण नव्हते आणि आम्ही त्यालाच सुख समजत होतो.

तिला काय हवे होते? शरदाचे दिवस गावी. भात कापायला आले की शेताच्या बांधावर बसायचे. आता विळा धरवत नाही, पण बसायचे. आमच्या वाटणीत हे दिवस अंबरनाथच्या खात्यात पडले होते. आम्ही दोन्ही भावांना फोन केले. धाकट्याला वाईट वाटले. आई माझ्याकडे यायला नको म्हणते, असा त्याने अर्थ घेतला आणि काही दिवस तुटक बोलला. ती कापणीनंतर आपल्या पायांनी त्याच्याकडे गेली तेव्हा तो राग निवळला. आता कागद आईजवळ असतो. तारखा ती सांगते, नात लिहिते.

५. आपण काय करावे?

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा २००७ साली झाला. त्याखाली आई-वडील आणि आजी-आजोबाही निर्वाहाचा खर्च मागू शकतात. हा कायदा प्रत्येक उपासकाला माहीत असावा. पण कायदा खर्च देववील. आजीला विचारणे तो कोणाकडून करवून घेऊ शकत नाही.

दर नोव्हेंबरात आमच्या काउंटरवर हयातीचा दाखला देण्यासाठी पेन्शनर आजींची रांग लागते. २०१४ पासून हा दाखला डिजिटल पद्धतीनेही देता येतो; तरी पुष्कळ जणी नातवाचा हात धरून येतात. आम्ही पूर्वी अंगठा घेऊन पुढची हाक देत असू. आता एक वाक्य जास्त बोलतो, "आजी, बऱ्या आहात ना?" वेळ लागतो, रांग वाढते. पण माणूस हयात आहे, याची खरी नोंद त्या वाक्याने होते, असे आम्हाला वाटू लागले आहे.

गेल्या वर्षी चीवरदानाला आईने स्वतः शिवलेली एक गोधडी विहारात दिली. सुमनेची गोष्ट नातीने तिला वाचून दाखवली होती. गोधडी देताना आजी भंतेजींना म्हणाली, "ह्यात आमचं समदं घर हाय, जपून वापरा."

अभ्यासासाठी प्रश्न

१) प्रसेनजित आणि सुमना यांच्या आजीविषयीच्या वागण्यातील फरक स्पष्ट करा.
२) विशाखेला केलेला उपदेश आणि मंगल सुत्त यांचा मेळ कसा घालाल?
३) पवारणेची सुरुवात ज्येष्ठाने का करायची? आपले मत लिहा.
४) येत्या आश्विन पौर्णिमेला आपल्या घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला एक प्रश्न विचारा. मिळालेले उत्तर वहीत लिहू नका, त्याप्रमाणे वागा.

नमो बुद्धाय! जयभीम!