वेशीवरचा माणूस आणि फाटकावरचे यंत्र

पूर्वी गावाला वेस असे. वेशीला दरवाजा असे. दिवस मावळला की दरवाजा लागे. वेशीवर वेसकर बसे. कोण आले, कोण गेले, ते त्याला ठाऊक असे. रात्री वाटसरू आला, तर वेसकर आधी विचारी, "कोण हाय? कुठलं गाव?" मग त्याला आत घेई.

हे काम कोणी हौसेने घेतलेले नव्हते. महार समाजावर ते पिढ्यान्‌पिढ्या लादलेले होते. दिवस नाही, रात्र नाही. हाक आली की हजर व्हायचे. मोबदला तुटपुंजा. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचा कायदा बदलण्यासाठी बिल मांडले. पुढे १९५८ साली कायदा झाला आणि अशी कनिष्ठ गाववतने रद्द ठरली.

ही जुनी गोष्ट आम्ही का सांगतो? कारण वेस गेली, पण फाटक राहिले. आणि फाटकाशी माणूसही राहिला.

ठाण्याला घोडबंदर रस्त्याने जा. नाहीतर कल्याण-डोंबिवलीत फिरा. जिथे काल भातखाचरे होती, तिथे आज उंच इमारती आहेत. दहा-वीस इमारतींना मिळून एक कुंपण आणि एक मोठे फाटक. आत राहणाऱ्यांची मिळून सहकारी सोसायटी. फाटकावर वॉचमन. तो बहुतेक खेड्यातूनच आलेला. कोणी मुरबाडचा, कोणी शहापूरचा, कोणी पार उत्तरेकडचा. तुमच्या-आमच्यातलाच एक गडी.

आता काही सोसायट्यांत या गड्याच्या जागी यंत्र येत आहे. ते कसे चालते, ते पाहू.

तुम्ही पडघ्याचा टोल नाका पाहिला असेल. मोटारीच्या काचेवर एक पट्टी चिकटवलेली असते. तिला फास्टॅग म्हणतात. राष्ट्रीय महामार्गांवर ती फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीची झाली. सोसायटीच्या फाटकावर असलीच युक्ती असते. पट्टीत बॅटरी नसते. फाटकावरचे यंत्र रेडिओच्या लहरी सोडते. त्या लहरींच्या जोरावर पट्टी आपला नंबर कळवते. नंबर यादीत सापडला की आडवा दांडा वर जातो. जमिनीत तारेचे वेटोळे पुरलेले असते. वर मोटारीचे लोखंड असेतोवर ते यंत्राला खूण देते, म्हणून दांडा मोटारीवर पडत नाही.

पायी येणाऱ्यासाठी दुसरी सोय असते. कुठे कार्ड दाखवायचे, कुठे अंगठा लावायचा, कुठे चेहरा दाखवायचा. पाहुण्याच्या मोबाईलवर आकडे येतात, ते फाटकावर सांगायचे किंवा दाबायचे.

सोसायटीला हे का हवे? साधा हिशेब करू. पाटी-पेन्सिल घ्या.

फाटक २४ तास राखायचे. एका माणसाची पाळी ८ तासांची. म्हणजे दिवसाला ३ पाळ्या. आठवड्याच्या ३ × ७ = २१ पाळ्या. एक माणूस आठवड्यात ६ पाळ्या करतो, एक दिवस सुटी. तिघांच्या मिळून १८ झाल्या. उरल्या ३. त्यासाठी चौथा माणूस लागतोच. दोन फाटके असतील तर ४२ पाळ्या, म्हणजे ७ माणसे. एका फाटकावर यंत्र बसले तर ४ माणसांत भागते. तिघांचा पगार वाचतो.

आता हाच हिशेब उलट्या बाजूने वाचा. तीन घरांची चूल अडते.

म्हणून यंत्र वाईट, असे आम्ही म्हणत नाही. यंत्राला झोप येत नाही. ते ओळखीच्याला सोडून अनोळख्याला अडवत नाही. कोण केव्हा आले, याची नोंद चुकवत नाही. भर पावसात दर मोटारीसाठी जड फाटक ओढणे आणि सलाम ठोकणे, यात वॉचमनला तरी कसले सुख? ते काम यंत्राने घेतले तर बरेच झाले.

पण यंत्राला नंबर कळतो, माणूस कळत नाही. चार वर्षांचे पोर एकटेच रस्त्याकडे निघाले, तर हात धरून मागे कोण आणील? एखादे आजोबा फाटकाशी चक्कर येऊन पडले, तर पाणी कोण देईल? रात्री दोन वाजता रुग्णवाहिका आली, तर "डावीकडे वळा, तिसरी इमारत" हे कोण सांगेल? आगीचा बंब आला आणि वीज गेलेली असली, तर दांडा हाताने कोण वर करील? तिथे शहाणा माणूसच हवा.

आता खेड्यातून कामाला जाणाऱ्या आपल्या बाया-बापड्यांचे पाहू. धुण्याभांड्याला जाणाऱ्या मावशी असतात, दूधवाले दादा असतात, भाजीवाली असते. वॉचमन मावशींना ओळखतो. "काय मावशी, आज उशीर?" म्हणतो आणि आत सोडतो. यंत्र तसे करीत नाही. रेशनच्या दुकानात तुम्ही पाहिलेच असेल. कष्टाच्या हातांची रेघ झिजते आणि अंगठा उमटत नाही. फाटकावरही तसेच होते. मोबाईलची बॅटरी उतरली की आकडे दिसत नाहीत. मावशी बाहेर तिष्ठत राहतात. घरात गेल्यावर उशिराचा बोल त्यांनाच बसतो.

यावर उपाय काय? यंत्राला अंगठा कळला नाही, तर कार्ड चालले पाहिजे. कार्ड नसले, तर वहीत सही चालली पाहिजे. ही सोय आधी मागून घ्यावी.

आणखी एक गोष्ट. अंगठा, चेहरा, फोन नंबर ही आपली खाजगी माहिती आहे. २०२३ साली संसदेने तिच्या रक्षणाचा कायदा केला. तो टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे. माहिती कशासाठी हवी ते सांगावे, संमती घ्यावी, काम संपल्यावर ती पुसावी, असा त्याचा रोख आहे. तेव्हा, "माझा फोटो कशाला? काम सोडल्यावर तो काढून टाकाल ना?" हे विचारायला लाजू नका.

वॉचमनदादांनाही कायद्याचा आधार आहे. खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी महाराष्ट्राने १९८१ साली कायदा केला. त्याखाली मुंबई व ठाणे जिल्ह्यासाठी सुरक्षा रक्षक मंडळ आहे. मंडळावर सरकार, मालक आणि रक्षक या तिघांचे प्रतिनिधी असतात. मंडळ रक्षकांची नोंदणी करते, त्यांना कामावर पाठवते आणि पगार, भविष्य निर्वाह निधी यांची व्यवस्था पाहते. २००५ साली केंद्राचाही कायदा झाला. त्याप्रमाणे रक्षक पुरवणाऱ्या कंपनीला परवाना लागतो आणि रक्षकाला शिक्षण द्यावे लागते. म्हणून कामाला लागताना नेमणुकीची चिठ्ठी मागा. पगाराची पावती जपा. निधीचा १२ आकडी नंबर वहीत लिहून ठेवा. उद्या काम सुटले तर हेच कागद तुमच्या बाजूने बोलतील.

सोसायटीत राहणाऱ्यांनीही एवढे करावे. सोसायटीत सर्वसाधारण सभा सर्वांत मोठी. यंत्राचा विषय तिच्यापुढे ठेवावा. सभेत फक्त किंमत विचारू नये. वीज गेली तर काय? बंब आला तर काय? जुन्या वॉचमनचे काय? त्याला कॅमेऱ्याचा पडदा पाहायला, नोंदी ठेवायला शिकवता येईल का? हेही विचारावे.

आणि इथेच अक्षराची गोष्ट येते. फाटक ओढायला अक्षर लागत नव्हते. पडद्यावरचे नाव वाचायला, नोंद लिहायला, नंबर जुळवायला अक्षर लागते. ज्याला वाचता येते, त्याला यंत्राच्या शेजारी खुर्ची मिळू शकते. ज्याला येत नाही, त्याला यंत्र बाजूला सारते. तुम्ही हा धडा वाचता आहात, म्हणजे खुर्चीच्या वाटेला लागला आहात.

वेसकराला नाही म्हणण्याचा हक्क नव्हता. आजच्या वॉचमनला विचारण्याचा हक्क आहे. तो वापरावा.

प्रश्न
१. दोन फाटकांना ८ तासांच्या पाळीने किती माणसे लागतात? हिशेब मांडून दाखवा.
२. यंत्राला जमत नाहीत अशी तीन कामे लिहा.
३. १९८१ च्या कायद्याने कोणाची सोय झाली?
४. तुमच्या गावातले कोणी फाटकावर काम करतात का? त्यांच्याजवळ नेमणुकीची चिठ्ठी आहे का, ते विचारून या.