‘उचित पेहराव’ म्हणजे काय?

– एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

गेल्या मे महिन्यात आमच्या गल्लीतील बचत गटाच्या बायकांनी एका जलोद्यानाची सहल काढली. चौदा बायका, त्यांची मुले आणि हिशेब लिहायला मी. आत शिरल्यावर पहिल्या तलावापाशी फलक दिसला : ‘पाण्यात उतरताना उचित पेहराव आवश्यक. साडी, ओढणी, जीन्स व सुती कपड्यांस परवानगी नाही.’ तिकिटे तोपर्यंत काढून झाली होती. चौदांपैकी नऊ जणी साडीत होत्या आणि माझी आई त्यांत होती. कपडे भाड्याने मिळत होते. पण ते म्हणजे गुडघ्याच्या वर राहणारी अर्धी चड्डी आणि बिनबाह्यांचा सदरा. आईने ते कापड अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून पाहिले व म्हणाली, “हे मागावरचं नाही गं. होजिअरीचं आहे.” पारख बरोबर होती, परंतु ते अंगावर चढवायला ती तयार झाली नाही. दिवसभर ती बाकीच्या आठ जणींबरोबर कडेला बसून राहिली, आमच्या चपला, पिशव्या आणि डबे राखत. मी मात्र पाण्यात होते, हेही येथे कबूल केले पाहिजे.

परत येताना बसमध्ये तो एक शब्द माझ्या डोक्यातून जाईना. उचित! उचित कशासाठी आणि कोणाच्या मते? मराठीच्या तासाला आपण शब्दांच्या अर्थच्छटा पाहतो. या शब्दाच्या छटा त्या फलकावर कोणी उलगडून लिहिलेल्या नव्हत्या. त्या उलगडून पाहण्याचा प्रयत्न मी येथे करीत आहे.

मनोरंजनाची अशी उद्याने आपल्याकडे फार जुनी नाहीत. दिल्लीचे अप्पू घर १९८४ साली सुरू झाले आणि २००८ मध्ये बंद पडले. मुंबईकरांना गोराईचे एस्सेलवर्ल्ड मिळाले १९८९ साली. शेजारचे वॉटर किंगडम १९९८ चे. एस्सेलवर्ल्डचे दरवाजे कोरोनाच्या काळात मिटले, पण लाँचमधून खाडी ओलांडून तेथे गेल्याच्या आठवणी आमच्या प्राध्यापकांच्या पिढीकडे अजून आहेत. खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ मध्ये उघडले, पुढच्या वर्षी त्याला जलोद्यानाची जोड मिळाली. भिवंडीहून गोराईला किंवा खोपोलीला एका दिवसात जाऊन येता येते. म्हणजे ज्या घरांत सहल म्हणजे देवदर्शन असा अर्थ होता, त्या घरांतील माणसे आता तिकीट काढून पाण्यात खेळायला जातात. आणि त्यांच्या पेटीतील कपडे मात्र देवदर्शनाचेच असतात.

देवदर्शनावरून आठवले. आपल्या भिवंडी तालुक्यातच वज्रेश्वरी आहे. जवळच अकलोली आणि गणेशपुरी येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. तेथे बायका लुगड्यासकट, साडीसकट पाण्यात उतरतात. माझी आजी उतरत असे, आईही उतरलेली आहे. त्या वेळी कोणालाही ते अनुचित वाटले नाही. चैत्रातल्या जत्रेत उंच पाळणा असतो. त्यावर बसताना पाळणेवाला एवढेच म्हणतो, “पदर खोचून घ्या, मावशी.” मावशी पदर खोचतात आणि पाळणा फिरू लागतो. मग तीच साडी दोन तासांच्या अंतरावरील तलावात निषिद्ध का ठरावी? प्रथम मला वाटले, हा निव्वळ शहरी तोरा आहे. थोडे वाचल्यावर आणि विचारल्यावर मत बदलावे लागले. अगदी सगळे नाही, पण बरेचसे.

कुंडात पाणी जमिनीतून येते. जलोद्यानातील पाणी मात्र पंपाने खेचले जाते, गाळणीतून गाळले जाते, त्यात क्लोरीन मिसळले जाते आणि तेच पाणी पुन्हा तलावात येते. सुती कापडाचे तंतू सुटतात आणि ते गाळणीत जाऊन अडकतात. कच्चा रंग असेल तर तो पाण्यात उतरतो. शिवाय सूत पाणी पिते. वस्त्रविद्येच्या पुस्तकांत यासाठी एक माप दिलेले असते : साधारण दमट हवेत, पाण्यात न बुडवताही, कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो, नायलॉन सुमारे चार टक्के आणि पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. प्रत्यक्ष भिजल्यावर काय होते, हे नऊवारी धुऊन पिळणाऱ्या कोणत्याही बाईला विचारावे! (गंमत अशी की ओला झाल्यावर कापसाचा धागा कमजोर होत नाही, उलट थोडा बळकट होतो. सुताची बाजू घेणाऱ्या आम्हा भिवंडीकरांना तेवढेच समाधान.)

याहून महत्त्वाचे कारण घसरगुंडीचे आहे. ती फायबरग्लासची असते आणि तिच्यावरून पाण्याचा पातळ थर सतत वाहत असतो. त्या थरावरून शरीर ठरावीक वेगाने खाली यावे, असा सगळा हिशेब असतो. जाड ओले कापड घासले गेले की माणूस मध्येच थांबतो आणि मागून येणारा त्याच्यावर आदळतो. जीन्सची धातूची बटणे आणि चेन घसरगुंडीवर चरे पाडतात. तो चरा पुढच्याच्या पाठीला लागतो. खोल पाण्यात पाच-सहा वार सैल कापड पायांभोवती गुंडाळले गेले तर पोहता येणारी बाईसुद्धा घाबरी होईल. कोरड्या खेळांनाही हाच न्याय आहे. हरियाणातील पिंजोर येथे २०१८ साली एका तरुण स्त्रीचे केस खेळातल्या मोटारीच्या चाकात अडकून तिचा मृत्यू झाला. प्रसिद्ध नर्तिका इसाडोरा डंकन हिचा १९२७ मध्ये फ्रान्समधील नीस येथे अंत झाला, तो गळ्यातला लांब रुमाल मोटारीच्या चाकात गुंतल्यामुळे. फिरत्या चाकाला पदर आणि ओढणी यांतील भेद कळत नाही.

हे आपल्याला बाहेरच्या कोणी शिकवायची खरे तर गरज नाही. आपले गाव यंत्रमागांचे. माझे वडील पंचवीस वर्षे माग चालवीत आहेत आणि आई कांडी भरते. कांडीच्या यंत्रापाशी बसण्यापूर्वी आई पदर कमरेला घट्ट खोचते, वेणीचा अंबाडा घालते, काचेच्या बांगड्या कोपराकडे सरकवते. कारखान्यात ‘उचित पेहराव’ असा फलक नाही. परंतु पट्टा फिरू लागला की कापड आवरायचे, हे तिथे सर्वांना ठाऊक असते. म्हणून त्या तलावापाशी तिला कोणी नीट सांगितले असते की, मावशी, येथेही यंत्र आहे, ते पाण्याखाली आहे म्हणून दिसत नाही, तर तिला ते पटकन पटले असते. पहारेकरी तिला म्हणाला, “मावशी, चांगले कपडे घालून या.” आईने त्या दिवशी घातलेली साडी तिच्या भाच्याच्या लग्नातली होती.

येथे माझ्या मते खरी गफलत आहे. ‘उचित’ या एकाच शब्दात दोन निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. एक यंत्राला काय चालते ती, आणि दुसरी लोकांच्या डोळ्यांना काय चालते ती. पहिली मोजता येते, तिची कारणे देता येतात आणि ती सर्वांना सारखीच लागू आहे. दुसरी काळाप्रमाणे बदलते. अमेरिकेत डिस्नेलँड १९५५ साली उघडले. १९६० च्या दशकात तेथे लांब केस ठेवलेल्या तरुणांना दारातूनच परत पाठवीत असत. पुढे तो नियम गेला, केस तेवढेच राहिले. आज डिस्नेच्या अमेरिकेतील उद्यानांत चौदा वर्षे व त्यापुढील पाहुण्यांनी गोष्टींतील पात्रांचा पोशाख करून येऊ नये असा नियम आहे. कारण हे की, लहान मुले त्यांनाच खरी पात्रे समजतील! (उद्घाटनाच्या दिवशी तेथील नव्या डांबरात बायकांच्या उंच टाचा रुतल्या, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. टाचा अनुचित होत्या की डांबर?)

हा भेद मला त्याच सहलीत डोळ्यांसमोर दिसला. माझी एक वर्गमैत्रीण आमच्याबरोबर होती. ती महाविद्यालयात बुरखा घालून येते. तिने येताना डोक्यापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख आणला होता, नायलॉनचा, अंगासरशी. अशा पोशाखाला ‘बुर्किनी’ म्हणतात. २००४ साली ऑस्ट्रेलियातील अहेदा झनेटी या बाईंनी तो तयार केला. फ्रान्समधील काही किनारी गावांनी २०१६ मध्ये त्यावर बंदी घातली आणि त्यांपैकी एका गावाची बंदी तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्याच ऑगस्टमध्ये स्थगित केली. आमच्या पहारेकऱ्याने मात्र मैत्रिणीच्या बाहीचे कापड चिमटीत धरून पाहिले आणि तिला आत सोडले. म्हणजे अंग किती झाकले याचा त्या नियमाशी काहीएक संबंध नव्हता. प्रश्न फक्त कापडाचा आणि सैलपणाचा होता. तसे असेल, तर भाड्याच्या कपड्यांत पूर्ण लांबीचा एकही जोड का नसावा? अर्धी चड्डी हीच काय ती यंत्राची मागणी, असे बायकांना वाटावे अशी व्यवस्था कोणी केली? यंत्राने तर ती केलेली नाही.

आणखी एक गोष्ट वाचताना सापडली, आणि तिने मला सर्वांत अधिक विचार करायला लावले. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम आहे. त्यानुसार मोटारसायकल बनवितानाच तिच्या मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षक साधन बसवावे लागते. मागे बसलेल्या व्यक्तीचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. आपण त्याला साडीगार्ड म्हणतो. रोज रस्त्यावर पाहतो, पण त्यात किती मोठा विचार आहे हे माझ्या लक्षात आले नव्हते. येथे कायद्याने बाईला साडी सोडायला सांगितले नाही. यंत्र बनविणाऱ्याला सांगितले की, या देशात बाया साडी नेसतात, तुझे चाक झाक.

दुसरे उदाहरण आपल्या कारखान्यांचे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २२ व्या कलमात म्हटले होते की, चालू यंत्राला तेल देणे, पट्टा चढविणे अशी कामे प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगारानेच, घट्ट बसणारे कपडे घालून करावीत. आणि ते कपडे कारखान्याच्या भोगवटादाराने पुरवावेत. यंत्राला विशिष्ट कपडे लागतात ना, मग यंत्र ज्याचे त्याने ते द्यावेत, असा साधा न्याय. वडिलांना मी विचारले, “तुम्हाला असे कपडे कधी मिळाले का?” ते नुसते हसले आणि दुमडलेली लुंगी त्यांनी आणखी वर खोचली. कायद्यातले कपडे आणि कारखान्यातले कपडे यांच्यातील अंतर हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. असो.

जलोद्यानाला साडीगार्ड बसविता येणार नाही, हे मला मान्य आहे. पाण्यात सहा वार कापड सोडून घसरगुंडीवर जाण्याचा आग्रह मी धरणार नाही, आईलाही धरू देणार नाही. परंतु फलक तिकीटखिडकीच्या आधी लावता येतो. ‘उचित’ ऐवजी ‘अंगासरशी, नायलॉन वा पॉलिएस्टरचे, धातूची बटणे नसलेले’ असे लिहिता येते. ते वाचून कोणाला आपण गावंढळ आहोत असे वाटणार नाही. चाळीस-पन्नाशीच्या बायकांसाठी पूर्ण बाह्यांचे, घोट्यापर्यंतचे जोड भाड्याला ठेवता येतात. आणि जेथे घसरगुंडी नाही, पाणी गुडघाभर आहे, तेथे एखादा कोपरा पायापुरते पाणी घेऊन बसणाऱ्या बायकांसाठी राखता येईल का, हे त्या धंद्यातल्या जाणकारांनी पाहावे. आईने त्या दिवशी तेवढेच मागितले होते. तळपायांपुरते.

हा लेख लिहीत असताना मी घरी त्यातील पॉलिएस्टरचा भाग वाचून दाखविला. आई ऐकत होती, काही बोलली नाही. चार दिवसांनी तिने शेजारच्या कारखान्यातून पॉलिएस्टरचा एक कटपीस आणला. कापड मागावरचे आहे, ताणले जात नाही, म्हणून शिवताना थोडी ढिलाई ठेवावी लागली. आमच्या गल्लीतील शिंपीणबाईंनी घोट्याशी आवळलेली विजार आणि पूर्ण बाह्यांचा, मांडीपर्यंतचा सदरा असा जोड बेतला आहे. बटण नाही, चेन नाही, कमरेला नाडी. तो पाहून गटातील आणखी पाच जणींनी मापे दिली. परवा आईने मोरीत बसून, अंगावर चार तांबे ओतून घेऊन तो तपासला. रंग उतरला नाही. गळा मात्र भिजल्यावर फारच खाली येतो, म्हणून सदरा पुन्हा शिंपीणबाईंकडे गेला आहे.