वाण कुणाचं, पिशवी कुणाची

अंकुशनगर, जि. जालना

चि. भाच्यास,


गिटारच्या नावाजलेल्या पेडलचं सर्किट उतरवून तसंच पेडल बनवलं आणि बँडमधल्या मुलांना विकलं, तर ती चोरी का, असं तू विचारलंस. याचं उत्तर शोधायला जिल्ह्याबाहेर जायला नको. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणं कंपनी सुरू केली आणि पुढे जालना बियाण्यांचं गाव म्हणून ओळखलं जाऊ लागलं. सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचं बियाणं आणि सर्किट यांची अडचण एकच आहे: माल हाती पडला की त्याच्यासारखा दुसरा तयार करण्याची सोयही हाती पडते. म्हणून वाणांचं संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांविषयीच्या २००१ च्या कायद्याने मधली वाट काढली. संरक्षित वाणाचं बी शेतकऱ्याने राखावं, पेरावं, शेजाऱ्याला द्यावं, विकावंसुद्धा. मात्र त्या वाणाचं लेबल लावलेल्या पिशवीत भरून विकू नये. पेडलच्या बाबतीतही मला हीच रेघ योग्य वाटते. सर्किटवरून शिकण्यात आणि बनवण्यात पाप नाही. दुसऱ्याचं नाव-रूप घेणं आणि त्याचं ऋण लपवणं ही चोरी.

गिटारच्या व्यवसायातले गाजलेले खटले पाहा. १९७७ साली गिब्सनच्या मालक कंपनीने आयबनेझच्या अमेरिकेतल्या विक्रेत्या कंपनीला कोर्टात खेचलं, ते गिटारच्या हेडस्टॉकच्या, म्हणजे माथ्याच्या, आकारावरून. २००५ साली रोलंडने बेहरिंगरवर दावा लावला, तो आपल्या बॉस पेडलांचं रूप उचललं म्हणून. २०२४ मध्ये क्लॉन सेंटॉर या पेडलचे निर्माते बिल फिनेगन यांनी त्याच बेहरिंगरवर दावा केला, तो नाव आणि चेहरा वापरल्याबद्दल. पुढे बेहरिंगरच्या त्या पेडलचं नाव बदललं गेलं. तिन्ही वेळा भांडण पिशवीचं होतं, वाणाचं नव्हतं. आणि ज्या आयबनेझवर नकलेचा ठपका आला, तिच्याच नावाने विकलं गेलेलं ट्यूब स्क्रीमर पुढे असंख्य ओव्हरड्राइव्ह पेडलांचा पाया ठरलं. उतरवता उतरवताच हात तयार होतो, हे खरं आहे.

यावर तू म्हणशील, फिनेगन यांच्या मेहनतीचं काय? त्यांनी १९९४ पासून सुमारे आठ हजार सेंटॉर बनवली आणि सर्किट कुणाला दिसू नये म्हणून त्यावर इपॉक्सी ओतलं. पण पेटंट हा समाजाशी केलेला करार असतो: कृती जगाला सांगायची आणि त्या बदल्यात वीस वर्षं मक्ता मिळवायचा. ज्याने गुपिताची वाट धरली, त्याचं गुपित फुटल्यावर त्याला कायमचा मक्ता द्यायला समाज बांधील नाही. तरीही कायदा संपतो तिथे सचोटी संपत नाही. एखादा छोटा कारागीर वर्षानुवर्षं कानाने पारखून एक आवाज घडवतो. तोच आवाज कुणी चार दिवसांत उतरवून अर्ध्या किमतीत विकला, तर कायदा गप्प राहील, पण त्या कारागिराच्या ताटातला घास मात्र जाईल. इथेही बियाण्याचा कायदा कामी येतो. शेतपिकाच्या वाणाला तो पंधरा वर्षांचं संरक्षण देतो, त्यानंतर ते सगळ्यांचं. ही मुदत तू स्वतःला घालून घे. छोट्या निर्मात्याचं नवं, बाजारात चालू असलेलं सर्किट शिकण्यासाठी खुशाल उतरव, विकण्यासाठी नको.

दुसरा आक्षेप गरिबीचा, आणि तो मला मोलाचा वाटतो. जुनं सेंटॉर आज काही लाखांना जातं. शिकणाऱ्या पोराने तो आवाज ऐकूच नये का? जरूर ऐकावा. स्वतःच्या नावाने विकलं जाणारं स्वस्त क्लोन, म्हणजे नकलेचं पेडल, घेताना मनाला टोचणी लावून घेऊ नकोस, कारण तिथे कुणीच फसलेलं नसतं. बनावट नाव छापलेलं पेडल मात्र फुकट मिळालं तरी नको. पहिल्या गिऱ्हाइकाला ते बनावट असल्याचं ठाऊक असेलही, पण हातोहात फिरत ते ज्याच्याकडे जाईल तो अस्सल समजून पैसे मोजेल. बोगस बियाण्याने हंगाम गेलेल्या शेतकऱ्याला ही फसवणूक वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

तेव्हा पेडल बनव. डबा तुझा, रंग तुझा, नाव तुझं. मागच्या बाजूला दोन ओळी लिही: सर्किट मूळचं कुणाचं, आणि तू त्यात काय बदललंस. पहिली ओळ लिहायला लाज वाटली, तर तुझ्या मनात चोरी आहे असं समज. दुसरी कोरी राहिली, तर ते पेडल अजून विकायचं नाही, स्वतःच्या सरावासाठी ठेवायचं.

तुझा,
मामा