युरेटर आणि युरेथ्रा : नावे सारखी, नळ्या वेगळ्या

लघवीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांच्या कागदपत्रांत ‘युरेटर’ आणि ‘युरेथ्रा’ हे दोन शब्द हमखास आढळतात. लघवी करणे या अर्थाच्या एकाच ग्रीक धातूपासून दोन्ही आले आहेत, म्हणून कानालाही सारखे वाटतात. आपण तर दोन्हींना ‘लघवीची नळी’ म्हणून मोकळे होतो. परंतु या नळ्या वेगळ्या आहेत आणि त्यांचे विकारही वेगळे.

वाडीतला हौद डोळ्यांसमोर आणा. दोन विहिरींचे पाणी दोन पाटांनी हौदात येते आणि एका पाटाने बाहेर जाते. विहिरी म्हणजे मूत्रपिंडे, हौद म्हणजे मूत्राशय. आत येणारे दोन पाट म्हणजे युरेटर, मराठीत मूत्रवाहिनी. बाहेर नेणारा एकच पाट म्हणजे युरेथ्रा, अर्थात मूत्रमार्ग.

युरेटर : लांबी सुमारे २५ ते ३० सें.मी., रुंदी जेमतेम ३-४ मि.मी. मूत्रपिंडातून उतरलेला मुतखडा येथे अडकतो. कुशीत उठलेली कळ जांघेकडे उतरते, ओकाऱ्या होतात. ५ मि.मी.पर्यंतचे खडे बहुधा आपोआप पडून जातात. मात्र कळेसोबत थंडी वाजून ताप आला, तर घरगुती उपाय करीत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तुंबलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाल्यास जिवावर बेतू शकते.

युरेथ्रा : पुरुषांत सुमारे २० सें.मी., स्त्रियांत अवघी ४ सें.मी. त्यामुळे स्त्रियांमध्ये जंतू मूत्राशयापर्यंत चटकन पोहोचतात. जळजळ होते, वारंवार लघवीला लागते. विरार-चर्चगेट लोकलचा प्रवास आहे म्हणून पाणी न पिणाऱ्या आणि लघवी रोखून धरणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात घ्यावे. पुरुषांत पन्नाशीनंतर प्रोस्टेट ग्रंथी वाढली की हा मार्ग दबतो. धार बारीक होते, जोर करावा लागतो. लघवी पूर्ण अडली तर ते तातडीचे दुखणे समजावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. ‘नळी टाकली आहे’ असे डॉक्टरांनी सांगितले, तर कोणती, हे अवश्य विचारा. मूत्रमार्गातून मूत्राशयात घातलेला कॅथेटर बाहेर दिसतो, पिशवीही लटकते. तो कोणी विसरत नाही. मुतखड्यासाठी युरेटरमध्ये ठेवलेला ‘डीजे स्टेंट’ मात्र संपूर्ण आत असतो. तो काही आठवड्यांपुरताच असतो. दुखणे थांबले की रुग्ण त्याला विसरतो. मग त्याच्यावरच क्षार साचून नवे खडे होतात, तो काढणे अवघड होते आणि मूत्रपिंड निकामी होण्याची भीती राहते.

म्हणून घरी जाण्यापूर्वी एवढे करा :

१) स्टेंट ठेवला आहे का, उजव्या बाजूला की डाव्या, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

२) तो काढण्याची तारीख घरातील दोघांना तरी सांगून ठेवा आणि भिंतीवरील कॅलेंडरवर तिच्याभोवती लाल गोल करा.

३) त्या दिवशी काही दुखत नसले तरीही रुग्णालयात जा.