नव्या पिढीचा फोन : घाई की सबुरी?

नेटवर्कची नवी पिढी येणार अशी वार्ता उठली, की तिचे फोन तिच्याही आधी दुकानात येऊन बसतात. ते लगेच घ्यावेत काय? ज्या घरात चार-पाच वर्षांतून एकदा फोन घेतला जातो, तिथे हा प्रश्न हौसेचा राहत नाही, हिशेबाचा होतो. फाइव्ह-जीचा, म्हणजे पाचव्या पिढीचा, अनुभव या दृष्टीने तपासण्यासारखा आहे.

रिअलमी एक्स५० प्रो हा फाइव्ह-जी फोन भारतात २४ फेब्रुवारी २०२० रोजी आला. किंमत ३७,९९९ रुपयांपासून पुढे. सेवा मात्र सुरू झाली १ ऑक्टोबर २०२२ रोजी. एअरटेलच्या पहिल्या आठ शहरांत महाराष्ट्रातील मुंबई व नागपूर ही दोनच होती. म्हणजे बाजारात तुरी असताना घेतलेल्या या फोनला दोन वर्षे सात महिने नुसती वाट पाहावी लागली. तेवढ्या काळात बॅटरी थकते आणि कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षा-सुधारणांची मुदतही सरत जाते.

दुसरी अडचण तांत्रिक आहे. फाइव्ह-जी एकाच लहरीवर चालत नाही. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतींतूनही आत शिरतात. म्हणून खेडेगावांना हा पट्टा मोलाचा. ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात वेग अधिक, पण पल्ला कमी. २६ गिगाहर्ट्झचा पल्ला तर फारच थोडा. ज्या पट्ट्याची सोय फोनमध्ये कारखान्यातच केलेली नाही, ती मागाहून बसवता येत नाही. शिवाय जिओने आपले फाइव्ह-जी जाळे स्वतंत्र उभारले, तर एअरटेलने आरंभी ते फोर-जीच्या आधाराने चालवले. २०१९ मध्ये जगात आलेल्या पहिल्या फोनांपैकी अनेकांत स्वतंत्र जाळ्याची सोयच नव्हती. आयफोनमध्ये यंत्रणा असूनही भारतातील ग्राहकांना फाइव्ह-जी मिळाले ते डिसेंबर २०२२ मधील सॉफ्टवेअर बदलानंतर.

कोणी म्हणेल, पहिले ग्राहकच नसतील तर टॉवर उभारणार कोण? आक्षेप रास्त आहे. त्या फोनांचा प्रोसेसर आणि कॅमेराही उत्तम होता. ज्याला तेच हवे होते, त्याचे पैसे वाया गेले नाहीत. पण केवळ 'फाइव्ह-जी' या अक्षरांसाठी ज्याने जादा रक्कम मोजली, तो फसला. २०२३ च्या अखेरीस तीच सोय दहा हजार रुपयांच्या आसपासच्या फोनांत मिळू लागली.

आता सहाव्या पिढीची चर्चा आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने तिची रूपरेषा २०२३ मध्ये ठरवली. सेवा २०३० च्या सुमारास अपेक्षित आहे. तेव्हा दुकानदाराला तीन प्रश्न जरूर विचारावेत : माझ्या गावात ही सेवा आज आहे काय? हा फोन कोणकोणते पट्टे पकडतो? सुधारणा किती वर्षे मिळतील? पहिल्याच प्रश्नाचे उत्तर 'लवकरच येईल' असे मिळाले, तर आपणही फोन लवकरच घेऊ असे सांगून खुशाल घरी यावे.