ऑनलाइन लिलाव: बोली जिंकलात, पण सौदा जिंकलात का?



मागच्या व्हिडिओत आपण ऑनलाइन लिलावावर बोललो. वेळ कमी पडला आणि हिशेबाचा भाग घाईत झाला. तोच भाग इथे सविस्तर लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा, कारण आज आकडेमोड करायची आहे.

म्हसळ्याच्या कार्यशाळेत एका दादांनी विचारलं होतं, "सर, लिलावात माल अर्ध्या किमतीत मिळतो म्हणतात. मग लोक दुकानात का जातात?" प्रश्न साधा वाटतो, पण याचं उत्तर न समजल्यामुळे अनेकांचं पहिलंच भांडवल अडकतं. म्हणून आजचा धडा.

बंदरावरचा लिलाव आठवा

लिलाव आपल्याला नवीन नाही. श्रीवर्धनच्या जीवना बंदरावर मासळीचा लिलाव बघा. टोपली समोर असते. घेणारी मावशी कल्ला उचलून बघते, मासळी दाबून बघते, मगच आकडा बोलते. विकणारा समोर, माल समोर, आणि सौदा झाला की टोपली लगेच डोक्यावर.

ऑनलाइन लिलावात यातलं काहीच नसतं. माल भिवंडीच्या गोदामात, विकणारा मुंबईच्या ऑफिसात आणि तुम्ही म्हसळ्यात मोबाईल धरून बसलेले. तुमच्याकडे असतात चार फोटो आणि एक वाक्य: "जसं आहे, जिथे आहे." आपल्याकडे म्हणतात ना, पाण्यातली म्हैस आणि वर मोल. तसंच हे.

"जसं आहे, जिथे आहे" याचा अर्थ नीट समजून घ्या. मालात दोष निघाला तर सहसा तक्रार चालत नाही, आणि माल जिथे पडलाय तिथून उचलून आणायचा खर्च तुमचा.

हिशेब: १५ हजारांचा फ्रीझर ३४ हजारांना कसा पडतो?

समजा, तुम्हाला मासळीचा धंदा वाढवायचाय आणि डीप फ्रीझर हवेत. एका बंद पडलेल्या दुकानाचे चार जुने फ्रीझर लिलावात निघाले. तुम्ही ६०,००० रुपयांची बोली लावली आणि जिंकलात. मनात आलं, "वा! एक फ्रीझर १५ हजारांना!" आता पुढचे खर्च मांडू. आकडे उदाहरणासाठी धरलेत, तुमच्या सौद्याचे तुम्ही टाका.

- बोलीची रक्कम: ६०,०००
- त्यावर १८ टक्के जीएसटी: १०,८००
- लिलाव साइटची फी ३ टक्के धरू: १,८००
- त्या फीवर जीएसटी: ३२४
- माल बघायला जाण्याचा खर्च: १,५००
- भिवंडी ते म्हसळा टेम्पो: १२,०००
- दोन्हीकडची हमाली: २,०००
- एकाचा कॉम्प्रेसर, दुसऱ्यात गॅस भरणे: १४,०००

एकूण झाले १,०२,४२४ रुपये. आणि चारपैकी एक फ्रीझर दुरुस्त होण्याच्या पलीकडे गेलेला निघाला. म्हणजे कामाचे तीन. एक पडला साधारण ३४,१०० रुपयांना, तोही जुना आणि वॉरंटीशिवाय!

तुमची नियमित जीएसटी नोंदणी असेल आणि पक्कं बिल असेल, तर भरलेल्या करातला बराचसा भाग परत मिळू शकतो. नोंदणी नसेल किंवा कंपोझिशन योजनेत असाल तर तो मिळत नाही. हे आधी आपल्या अकाउंटंटला विचारा, बोली लावल्यानंतर नाही.

आता उलटा हिशेब शिका

लिलावात बसण्याआधी शेवटचा आकडा ठरवायचा असतो. तो उलट्या दिशेने काढतात.

पहिला प्रश्न: माझ्या दारात, चालू स्थितीत, एक जुना फ्रीझर जास्तीत जास्त कितीला परवडेल? समजा २२,०००. चारपैकी एक वाया जाईल असं धरा. मग तिघांचे झाले ६६,०००.

यातून ठरलेले खर्च वजा करा. जाणं-येणं, टेम्पो, हमाली, दुरुस्ती मिळून २९,५००. उरले ३६,५००. या रकमेत बोली, जीएसटी आणि साइटची फी असं सगळं बसायला हवं. आपल्या उदाहरणात १०० रुपयांच्या बोलीमागे १२१ रुपये ५४ पैसे खिशातून जातात. म्हणून ३६,५०० भागिले १.२१५४. उत्तर येतं साधारण ३०,०००.

बघा, तुम्ही ६० हजारांवर जिंकलात, पण तुमचा धंदा ३० हजारांवरच थांबायला सांगत होता.

मग जास्त बोली का लागते? शेवटच्या मिनिटांत कोणीतरी शंभर-दोनशे वाढवतो, अनेक लिलावांत वेळ आपोआप आणखी काही मिनिटं वाढते, आणि आपण मालासाठी नाही तर हरू नये म्हणून खेळायला लागतो. दुसरं कारण जरा खोल आहे. १९७१ साली अमेरिकेतल्या केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन तेल अभियंत्यांनी लिहिलं की, समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावात जिंकणाऱ्या कंपन्यांना अपेक्षेपेक्षा कमी परतावा मिळत होता. कारण उघड आहे. सगळे अंदाजाने बोली लावतात आणि ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला, तोच जिंकतो. याला "विजेत्याचा शाप" म्हणतात. माल न बघता बोली लावणाऱ्याला हा शाप सगळ्यात आधी लागतो.

अनामत: इथेच खरा घाम फुटतो

मी स्वतः एकदा अनामत घालवली आहे. जुन्या मशीनचा लिलाव होता. जिंकलो, आणि उरलेले पैसे मुदतीत उभे राहिले नाहीत. "बँकेतून कर्ज होईल" या भरवशावर बोली लावली होती. अनामत गेली, मशीनही गेलं. चूक शंभर टक्के माझी. अटी वाचल्याच नव्हत्या.

बँकेने जप्त केलेला गाळा, गोदाम, जमीन अशा मालमत्तांच्या लिलावात तर नियम आणखी कडक आहेत. हे लिलाव २००२ च्या सरफेसी कायद्याखाली होतात. जिंकल्यावर २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरावी लागते. उरलेली ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळाली तरी जास्तीत जास्त तीन महिने. नाही भरली, तर आधी भरलेले पैसे जप्त.

"थोडे कापून बाकीचे देतील ना?" असं अनेकजण विचारतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या एका प्रकरणात निकाल दिला. खरेदीदाराने २५ टक्के, म्हणजे तीन कोटींहून जास्त भरले होते आणि बाकी मुदतीत भरता आली नाही. मद्रास उच्च न्यायालयाने पैसे परत करायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला आणि पूर्ण रकमेची जप्ती योग्य ठरवली.

म्हणून नियम लिहून ठेवा: पूर्ण पैशांची सोय आधी, बोली नंतर.

जिंकलं, पैसे भरले, तरी ताबा?

हे उदाहरण आपल्या जवळचंच आहे. नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातला एक भूखंड बँकेने २०२३ मध्ये लिलावात काढला. सेलिर नावाच्या फर्मने १०५ कोटींच्या आसपास बोली लावून तो जिंकला. पण आधीचा कर्जदार बाफना मोटर्स जास्त रक्कम द्यायला तयार झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्याला मालमत्ता सोडवून घ्यायची परवानगी दिली. सेलिरला सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. सप्टेंबर २०२३ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला: लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की कर्जदाराचा सोडवून घेण्याचा हक्क संपतो. तरीही वाद मिटला नाही. अवमान याचिका झाली आणि तिचा निकाल डिसेंबर २०२४ मध्ये आला.

कोट्यवधींची ताकद असलेल्या फर्मला एवढं झगडावं लागलं. तुम्ही माणगावचा छोटा गाळा घेणार असाल, तर नोटिशीत तीन गोष्टी शोधा. बँकेकडे ताबा प्रत्यक्ष आहे की फक्त कागदोपत्री? आत भाडेकरू आहे का? घरपट्टी, वीजबिल, सोसायटीची थकबाकी कोण भरणार? सरकारी बँकांच्या मालमत्ता जानेवारी २०२५ पासून "बँकनेट" या पोर्टलवर बघता येतात. पण पोर्टलवर बघणं वेगळं आणि जागेवर जाऊन शेजाऱ्याला विचारणं वेगळं.

सरकारी भंगार विकणाऱ्या एमएसटीसीच्या लिलावांतही एक अट बघा. काही मालावर "मंजुरीच्या अधीन" असं लिहिलेलं असतं. म्हणजे तुमची बोली सर्वांत मोठी असली तरी विकणारा नाही म्हणू शकतो. तोपर्यंत तुमची रक्कम अडकलेली.

विकणाऱ्यांसाठी तीन इशारे

पहिला: राखीव किंमत ठरवल्याशिवाय माल लिलावात टाकू नका. दोनच बोलीदार आले आणि थंडपणे बसले, तर तुमचा माल मातीमोल जाईल.

दुसरा: दुसऱ्याच्या ओट्यावर दुकान मांडलंय हे विसरू नका. २००० साली सुरू झालेली बाझी डॉट कॉम ईबेने २००४ मध्ये घेतली. २०१७ मध्ये ईबे इंडिया फ्लिपकार्टकडे गेली आणि १४ ऑगस्ट २०१८ ला बंद झाली. तिथे वर्षानुवर्षं जमवलेली रेटिंग उचलून दुसरीकडे नेता येत नाही. म्हणून ग्राहकाचं नाव आणि नंबर त्याच्या परवानगीने आपल्या वहीत ठेवा.

तिसरा इशारा आपल्या कोकणातल्या जुन्या घरांसाठी. माळ्यावर जुनी समई, मूर्ती, नाणी सापडतात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुन्या अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवताच येत नाहीत. परदेशी लिलाव साइटवर फोटो टाकण्याआधी हे तपासा. आणि "तुमचं जुनं नाणं लाखाला घेतो, आधी कमिशन भरा" असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला जाहीर केलंय की असे व्यवहार ती करत नाही आणि त्यासाठी कमिशनही मागत नाही.

बोलीआधीची यादी

१. माल स्वतः किंवा मेकॅनिकला पाठवून बघितला का?
२. अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या का?
३. दारात पोचेपर्यंतचा पूर्ण खर्च मांडला का?
४. शेवटचा आकडा कागदावर लिहून घरच्या कोणाला दाखवला का?
५. पूर्ण पैशांची सोय आणि माल उचलायला टेम्पो तयार आहे का?

एकाही प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल तर त्या दिवशी फक्त बघायला बसा.

गृहपाठ

या आठवड्यात तुमच्या धंद्याला लागणाऱ्या एखाद्या वस्तूचा लिलाव शोधा. बोली लावू नका. वरच्या पद्धतीने आपला शेवटचा आकडा काढा आणि लिलाव किती रकमेला सुटला ते शेजारी लिहा. असं पाच वेळा करा. त्या दादांच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच वहीत सापडेल: कुठे लिलाव परवडतो आणि कुठे माणगावचं दुकान.

भेटू पुढच्या धड्यात. तोपर्यंत हिशेब लिहून ठेवा.